भरल्या गाडीचा आवाज

माझ्या गाडीला डावीकडे वळताना आवाज यायचा. कट्. मग जरा थांबून कट्-कट्. सरळ रस्त्याला गप्प, उजवीकडे वळलं की गप्प. डावं वळण आलं आणि ब्रेकवर पाय ठेवला की झालं सुरू. माझ्या नवऱ्याने, जतीनने, दारात उभं राहून तो आवाज एकदाच ऐकला आणि जाहीर करून टाकलं, "ही गाडी काढून टाकायची." नुसतं बोलला नाही, उंबरगावच्या एका दलालाशी बोलणंही करून आला. रविवारी येऊन गाडी घेऊन जातो म्हणाला दलाल. मला विचारायचं? नाव नाही!

आता एका जुन्या व्हॅनसाठी ही बाई एवढी का पेटली, असं तुम्ही म्हणाल. तर सांगते. मी कल्पिता, झाई गावची, मासे विकते. सतरा वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मी रस्त्याला उभी राहिले. जीप यायची, पण आमच्या आधी आमचा वास तिथे पोचायचा, मग जीप थांबायची नाही. तीन वर्षांपूर्वी ही सेकंडहॅंड व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून बर्फाच्या पेट्या टाकल्या आणि बेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. आख्खी झाई हसली. हसू दे. तेव्हापासून मी आणि माझी जोडीदारीण पुतळी सकाळी माल भरून निघतो, तलासरीला थोडा विकतो आणि बाजाराच्या दिवशी उधव्याला जातो. गाडी गेली की पुन्हा पाटी आणि पुन्हा रस्ता. माझे गुडघे तर आता जिना बघूनच रडतात.

बरं, आवाजासाठी मी काही कमी हिंडले नाही. पहिला मेकॅनिक मसोलीतला. त्याने सांगितलं, गाडी रिकामी करून, धुऊन आणा, वास येतो. मी पेट्या उतरवल्या, गाडी धुतली, वर उदबत्ती लावली. त्याने चक्कर मारली, आवाज आला नाही. तरी म्हणाला, डाव्या शॉकअपचा माउंट गेलाय, आणि बदलला. पुढच्या बाजाराला पहिल्याच वळणावर कट्! दुसरा हायवेच्या कडेचा. तो नाकाला रुमाल लावून एवढंसं वाकला आणि म्हणाला, पुढचा ॲक्सल गेला. तिसरा तर शहाणाच. "काकी, गाणी जरा मोठ्याने लावा, मग नाही येणार आवाज." मी तिथेच त्याचा पाना उचलला होता. पुतळीने हात धरला म्हणून वाचला मेला.

तिघांपैकी एकही माझ्या गाडीखाली आडवा झाला नाही, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

तर रविवारी दलाल येणार आणि शुक्रवारी उधव्याचा फेरा. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस होते, पाण्याला जोर नाही, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या आणि जतीन घरी. सकाळी मी स्टिअरिंगवर बसले तर हा शेजारी येऊन बसला. तीन वर्षांत कधी माझ्या गाडीत बसला नव्हता. म्हटलं, "काय रे, शेवटचा फेरा बघायला आलास काय?" तो एका हाताने दाराची दांडी धरून बसला. प्रत्येक वळणाला आपलं एकच, "हळू... अगो हळू." दर्यावर ताडमाड लाटेत उभा राहणारा माणूस, आणि माझ्या गाडीत बसून असा घाबरतो! मागे पेट्यांवर बसलेली पुतळी तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात रविवार होता.

उधव्याला बाजाराच्या मैदानात शिरायला डावीकडे वळावं लागतं. वळले. कट्, कट्-कट्, आणि मग एक खोल, जाड असा धप्प. जतीनने माझ्याकडे बघितलं. मी समोर बघितलं.

गाडी लावते न लावते तोच एक माणूस खिडकीशी आला. पन्नाशीचा, काळा, काटक, हाफ पॅंट, बनियनवर तेलाचे डाग. मैदानाच्या कडेला त्याची पत्र्याची शेड आहे. लक्ष्या त्याचं नाव, जवळच्याच पाड्यावरचा, जन्म सगळा प्रवासी जीप दुरुस्त करण्यात गेलेला. बाजारात येता-जाता मी त्याला बघितलं होतं, पण बोर्ड नाही, मशीन नाही, मग कोण जातंय त्याच्याकडे? मी तरी नव्हते गेले.

"बाय," तो म्हणाला, "चार बाजार झाले, तुझी गाडी वळते ती मी शेडमधून ऐकतोय. दर वेळी वाढतोय आवाज."

"मग चार बाजार तोंडात काय धरलं होतंस?" मी म्हटलं. माझं डोकं आधीच तापलेलं.

"तू विचारलं नाहीस. गाडी तुझी." तो जराही रागावला नाही. "पण आज आवाज बदलला. आज तू नाही विचारलंस तरी मला सांगायला पाहिजे."

जतीन लगेच उतरून सांगायला लागला, असं होतं, तसं होतं, विकायचीच आहे. लक्ष्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालवतं कोण?"

"ही."

"मग तिला सांगू दे."

देवाशप्पथ सांगते, तीन मेकॅनिक झाले, पण गाडी काय म्हणते हे मला कुणी विचारलं नव्हतं. ह्याने विचारलं. डावीकडे की उजवीकडे? उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर येतो की चालतानाच? ब्रेक मारल्यावर वाढतो? खड्ड्यात येतो? सकाळी जास्त की दुपारी परत जाताना? मी सांगत गेले. दुपारचं विचारलं तेव्हा मीच थांबले. दुपारी परत जाताना आवाज यायचा नाही! हे मला ठाऊक होतं, पण कधी ध्यानातच घेतलं नव्हतं.

"दुपारी पेट्या रिकाम्या," लक्ष्या म्हणाला.

मी पेट्या उतरवायला पुतळीला हाक मारली, नेहमीच्या सवयीने. मेकॅनिकला गाडी दाखवायची म्हणजे रिकामी करायची. लक्ष्याने हात आडवा केला. "राहू दे. सगळ्यांनी रिकामी गाडी बघितली. दुखणं भरल्या गाडीचं आहे."

मग त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं. गाडी उभीच. तो चाकाशी उकिडवा बसला, चाकाच्या मागून आत हात घालून स्प्रिंगवर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. "फिरव. पूर्ण डावीकडे. आता पूर्ण उजवीकडे. सावकाश." मी फिरवलं. मग दुसऱ्या चाकाशी तेच. वैद्य नाडी बघतो तसा बसला होता. "स्प्रिंग अडकत नाही, उडी मारत नाही. वरचं सगळं ठीक आहे. माउंट नवा दिसतोय, उगाच बदलला." ॲक्सलचं सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "बाय, ह्या गाडीला ताकद मागच्या चाकाला. पुढे ॲक्सल नाहीच, तर तो जाणार कुठे?"

पुतळी खो-खो हसली. मी मात्र हायवेवाल्याला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की त्याला उचकी लागली असणार.

पुढे त्याने जे केलं ते आख्ख्या बाजाराने बघितलं. मला म्हणाला, मैदानात डावीकडे गोल फिरव, पायी चालल्यासारखी. आणि तो गाडीच्या बाजूने कंबरेत वाकून चालायला लागला, कान चाकाकडे. टायर त्याच्या अनवाणी पायापासून वीतभर. माझा जीव खालीवर. भाजीवाल्या उभ्या राहिल्या, कोंबड्यावाला उभा राहिला. एक फेरी तो डाव्या चाकाशी चालला, दुसरी फेरी उजव्या. तिसऱ्या फेरीला, "ब्रेक जरासा," म्हणाला. मी पाय ठेवला. धप्प. त्याने हात वर केला.

"उजवं चाक."

"अरे, डावीकडे वळल्यावर येतो ना आवाज?" जतीन म्हणाला.

"डावीकडे वळलं की ओझं उजवीकडे जातं. डोक्यावर पाटी घेऊन वळ, मग कळेल." हे त्याने जतीनला सांगितलं, पण मला पटकन समजलं. सतरा वर्षं वळलेय मी पाटी घेऊन.

गोणपाट अंथरून तो गाडीखाली शिरला. पेट्यांतून बर्फाचं पाणी टपकत होतं, माशाचं, लालसर, बरोबर त्याच्या मानेवर. त्याने पुसलंसुद्धा नाही. मसोलीवाल्याला उदबत्ती लागली होती! मला इतकं ओशाळं वाटलं म्हणून सांगू, मी आपली पदराने वरचं पाणी टिपायला धावले, तर खालून म्हणतो, "राहू दे, बाय. माशाला माशाचाच वास येणार."

जॅक लावला, खाली लाकडाचा ठोकळा घातला, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, आत घालून उचकटली. मग हाक मारली. "बाय, ये, बघ." मी साडी खोचली आणि पडले त्याच्याशेजारी आडवी. जतीन वरून "अगो, अगो" करत राहिला.

लक्ष्याने दाखवलं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, लोअर आर्म म्हणतात. त्याच्या मागच्या टोकाला रबराचं बुश आणि चाकाकडच्या टोकाला एक गोळा, बॉल जॉइंट. त्यावर रबराची टोपी. बुश फुगून मऊ झालेलं. त्याने नख लावलं तर पिकून गेलेल्या चिकूसारखा गर निघाला. टोपी तर फाटून लोंबत होती, आत रेती आणि गंज. टॉमी लावली की गोळा वाटीतून बाहेर यायला बघायचा.

त्याने बोट नाकाशी नेलं. "हे काय लावतेस?"

आणि मी सांगितलं. काय सांगू, अभिमानाने सांगितलं! आमच्याकडे होडीला बुडाशी मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात. त्याने लाकूड खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, बापजाद्यांपासून चालत आलेलं. मग गाडी काय, तीही खाऱ्या पाण्यातच. दर अमावास्येला मी स्वतः तिच्या पोटाखाली हात घालून तेल चोपडायचे, फडक्याने, कानाकोपऱ्यात. उजवीकडे दोन हात जास्तच, कारण पेट्यांचं पाणी तिथून उतरतं. झाईतल्या चार टेम्पोवाल्यांनी माझं बघून सुरू केलं होतं.

लक्ष्याने बोट गोणपाटाला पुसलं. मग हळू म्हणाला, "होडी लाकडाची. लाकूड तेल पितं नि जगतं. रबर तेल पितं नि मरतं."

मी तिथेच आडवी पडून राहिले. तीन वर्षं मी ज्या हाताने तिला गोंजारलं त्याच हाताने तिला मारत होते. आणि दोष कुणाला? रस्त्याला, मेकॅनिकला, जतीनच्या नजरेला. विचारलं, "अशीच चालवली असती तर?"

"एखाद्या वळणावर गोळा सुटला असता. चाक आडवं पडतं मग. स्टिअरिंग हातात राहतं, गाडी नाही राहत." त्याने माझ्याकडे बघितलं. "किती दिवस ते नाही सांगता येत. आजचा आवाज बरा नव्हता."

बाहेर आले आणि आठवलं. मागच्याच आठवड्यात पुतळीच्या पोटुशा सुनेला ह्याच गाडीतून तलासरीला माहेरी सोडलं होतं मी, हायवेवरून. पुतळीलाही तेच आठवलं असणार. ती हसायची थांबली होती. आणि जतीन सगळं ऐकून पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता म्हणणार, बघ, मी सांगत होतो. पण तो म्हणाला, "तेल मीच आणून द्यायचो."

लक्ष्याने जुना आर्म काढून तारेने बांधून जतीनच्या हातात दिला. "तलासरीला जा. नाव सांगू नको, हा दाखव. जोडी आण, दोन्ही बाजूची. डाव्यानेही तेवढंच तेल प्यायलंय." जतीन तो लोखंडी हात काखेत मारून जीपने गेला. आम्ही मासे विकायला बसलो. उधव्यात मासे मी नेहमी गात-भांडत विकते, त्या दिवशी नुसतीच तोलून देत होते. एक म्हातारी म्हणाली, "बाय, आज बरं नाही का?"

तो परत येईपर्यंत लक्ष्याने काय करावं? डोकं वर न काढता गाडीचं पोट साबणाच्या पुडीने धुतलं. तेलाचा थर खरवडला, पुन्हा धुतलं, कोरडं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, नवीन रबर जुन्या तेलात बसवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडे येशील, ते मला नको. ऐकलंत? गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून झटणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

दुपारी नवे आर्म बसले. मला वाटलं झालं. लक्ष्याने जॅक काढला, गाडी जमिनीवर टेकवली आणि म्हणाला, "आता माणसं भरा."

"कशाला?"

"बोल्ट अजून सैल आहेत. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली आली की नवं रबर पीळ खातं, कायमचं. ओझं घालून आवळायचे, म्हणजे ते सरळ झोपतं. मासे विकलेस, आता ओझं कुठून आणू?"

मग काय! पुतळी चढली, दोन भाजीवाल्या चढल्या, कोंबड्यावाला त्याच्या टोपलीसकट चढला, आणि जतीनही मागे पेट्यांच्या जागी जाऊन बसला, मांडी घालून, डोक्यावर छप्पर टेकलेलं. एक भाजीवाली म्हणाली, "तुझा नवरा किती किलोचा गं? नीट तोलून दे लक्ष्याला." सगळी गाडी हसून हलायला लागली. खालून लक्ष्या ओरडला, "हलू नका!" एवढी माणसं वर आणि तो एकटा खाली. मी गाडीबाहेर उभी राहून त्याचे पाय बघत होते, टाचा फुटलेले, त्यांत गोणपाटाचे धागे अडकलेले. मनात म्हटलं, ह्या माणसाला शेडवर बोर्ड कशाला पाहिजे?

तो बाहेर आल्यावर कुणाला उतरू दिलं नाही. सगळ्यांसकट मला डावीकडे फिरव म्हणाला. फिरवली. एक फेरी, दोन, ब्रेक मारून, ब्रेक सोडून. फक्त कोंबड्या ओरडत होत्या. लक्ष्या मैदानाच्या मधोमध उभा राहून ऐकत होता. मी काच खाली करून विचारलं, "लक्ष्याभाऊ, ऐकू येतं का काही?" त्याने मान हलवली. नाही. मग एवढासा हसला, आपल्याच आनंदात. म्हणाला, "तलासरीला चाकाची अलाइनमेंट करून घे. आणि तेल होडीला घाल." मजुरी घेतली तेवढीच. मी सरंगे देत होते ते नको म्हणाला, सुके बोंबील मात्र घेतले, बायकोला आवडतात म्हणून. मी त्याला हात जोडले. त्याने हात पुसायला फडकं शोधण्याचं निमित्त केलं.

परत निघालो तेव्हा जतीन पुढे बसला, पुन्हा दांडी धरून. पुतळी तलासरीला सुनेकडे उतरली. गाडीत आम्ही दोघंच. मी वाट बघत होते, आता रविवारचं काढील. आवाज गेला म्हणजे दलाल जास्त किंमत देईल, एवढंच नवऱ्याच्या डोक्यात असणार, असं माझं मन म्हणत होतं. भांडायला माझी सगळी वाक्यं तयार होती. पण हा आपला रस्त्याकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "गाडी थांबव."

थांबवली. तो उतरला, रस्त्याच्या कडेला उभा राहून फोन लावला. दलालाला म्हणाला, "येऊ नको. विकायची नाही." पलीकडचा काहीतरी जास्तीचं बोलत असणार, कारण जतीन पुन्हा तेच म्हणाला, जरा चढ्या आवाजात. मग येऊन बसला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी मी आहे. म्हटलं, "आता विकायची नाही! आणि महिनाभर माझं डोकं खाल्लंस ते? बाईने गाडी चालवलेली बघवत नव्हती, असंच ना?"

तो म्हणाला, "होडीत असा आवाज आला की आम्ही जाळं सोडून परत फिरतो. तू फिरत नव्हतीस. मी दर्यावर चार-चार दिवस, तिथे फोन लागत नाही. तुला वाटेत काय झालं असतं तर मला चौथ्या दिवशी किनाऱ्याला लागल्यावर कळलं असतं. दर वेळी किनारा दिसायला लागला की मी आधी माणसांत तुला शोधायचो."

पंचवीस वर्षं मी किनाऱ्यावर उभी राहून त्याच्या होडीची वाट बघितली. वादळात बघितली, अंधारात बघितली, देवाला नवस बोलत बघितली. माझीही कुणी तशी वाट बघत असेल, हे ह्या जन्मात माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग बोलायला काय झालं होतं, मेल्या?" एवढंच निघालं माझ्या तोंडातून. मग रडूच आलं. तो म्हणाला, "गाडी चालवताना रडू नको." म्हटलं, "गाडी उभी आहे!"

सोमवारी पाण्याला जोर आला, होडी निघाली. मी नेहमीसारखी त्याची भाकर बांधली, पण 'परत कधी येशील' हे दर वेळचं विचारायची राहिलेच. त्या दिवशी त्यानेच एक पाय होडीत ठेवून मला विचारलं, "बाजारातून कधी परत येशील?"